झाम्ब्रानोला ठेवायचं की पाठवायचं: शिकागो कब्सचं 2011-12 मधलं एक प्रकरण

12 ऑगस्ट 2011. अटलांटाचं टर्नर फील्ड, पाचवी इनिंग (बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला अशा नऊ मिळतात). शिकागो कब्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) कार्लोस झाम्ब्रानो तोवर पाच होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) खाऊन बसला होता आणि समोर चिपर जोन्स बॅट घेऊन उभा होता. झाम्ब्रानोने एक चेंडू त्याच्या अंगावर टाकला. मग आणखी एक. पंच टिम टिमन्सने त्याला तिथल्या तिथे सामन्याबाहेर काढलं. झाम्ब्रानो खाली क्लबहाउसमध्ये गेला, लॉकर रिकामं केलं, 'मी निवृत्त होतोय' असं तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं आणि निघून गेला. मैदानात त्याचे सहकारी अजून खेळत होते. उरलेल्या इनिंग बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव, पिचरांनी ओढल्या आणि कब्स 10-4 ने हरले.

त्या वेळी त्याच्या करारातलं एक अख्खं वर्ष शिल्लक होतं. 2012 च्या हंगामासाठी क्लब त्याला 1 कोटी 80 लाख डॉलर देणं लागत होता. पुढचे पाच महिने क्लबच्या कचेरीत एकच वाद चालला: याला ठेवायचं, सोडायचं, की दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं?

हे प्रकरण निवडायचं कारण असं की यात तिन्ही बाजूंना खरोखर वजन आहे. डोकेदुखी झालेल्या ज्येष्ठ खेळाडूबद्दल बोलताना लोक पटकन 'काढा त्याला' किंवा 'दर्जेदार आहे, सांभाळून घ्या' असं म्हणून मोकळे होतात. ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) करायचा की नाही हा खरं तर सोपा भाग आहे. तो कधी करायचा आणि पगाराचा बोजा कुणी उचलायचा, इथे क्लब चुकतात. कब्सही इथेच चुकले.

आधी माणूस आणि त्याचा हात

झाम्ब्रानो व्हेनेझुएलातल्या पुएर्तो काबेयोचा. 1997 मध्ये कोवळ्या वयात कब्सने त्याला करारबद्ध केलं आणि ऑगस्ट 2001 मध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरला. 2003 ते 2007 अशी सलग पाच वर्षं त्याने दरवर्षी 200 पेक्षा जास्त इनिंग टाकल्या. सुरुवातीचा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी उतरतो, 162 सामन्यांच्या हंगामात त्याच्या वाट्याला 32-33 सामने येतात. त्यात 200 इनिंग म्हणजे प्रत्येक वेळी सहा-सात इनिंग स्वतःच्या खांद्यावर घेणं. असा पिचर संघात असला की बुलपेनला श्वास मिळतो. 2004 मध्ये त्याचा ईआरए 2.75 होता (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर किती धावा लागतात, तो आकडा, चारच्या खाली असेल तर सुरुवातीचा पिचर चांगला समजावा). 14 सप्टेंबर 2008 ला त्याने ह्यूस्टनविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिली नाही. खांद्याच्या दुखण्यामुळे आधीचे बारा दिवस तो खेळलाच नव्हता. 1972 नंतर कब्सच्या पिचरचा हा पहिला नो-हिटर.

त्यात हा पठ्ठ्या बॅटिंगही करायचा. नॅशनल लीगमध्ये तेव्हा पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे, आणि बहुतेक पिचर तिथे हमखास बाद. झाम्ब्रानोच्या नावावर मात्र कारकीर्दीत 24 होमरन आहेत आणि पिचरांमधल्या सर्वोत्तम बॅटिंगसाठी मिळणारा सिल्व्हर स्लगर त्याने तीनदा घेतला.

आता दुसरी बाजू. 1 जून 2007 ला त्याने स्वतःच्याच कॅचरशी (पिचरचा चेंडू झेलणारा), मायकेल बॅरेटशी, डगआउटमध्ये (मैदानाकडेला खेळाडू बसतात तिथे) हाणामारी केली. पुढे क्लबहाउसमध्ये प्रकरण इतकं वाढलं की बॅरेटच्या ओठाला टाके पडले. त्यानंतर क्लबने काय केलं हे नीट बघण्यासारखं आहे. त्याच महिन्यात बॅरेटला सॅन डिएगोला ट्रेड केलं, आणि ऑगस्टमध्ये झाम्ब्रानोला पाच वर्षांचा, 9 कोटी 15 लाख डॉलरचा नवा करार दिला. करारात नो-ट्रेड कलम होतं: त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नव्हतं.

त्या घडीला हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. कब्सने 2007 आणि 2008, दोन्ही वर्षी आपला विभाग जिंकला. पण मार खाल्लेला कॅचर गेला आणि मारणाऱ्याला करार मिळाला, हे ड्रेसिंग रूममधल्या पंचवीस जणांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या चार वर्षांत शिस्तीचा प्रत्येक प्रयत्न तोकडा पडला त्याचं मूळ इथे आहे, असं आमचं ठाम मत आहे.

मे 2009 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध होम प्लेटवरच्या निर्णयावरून तो पंचाशी भिडला, चेंडू लांब भिरकावला आणि डगआउटमध्ये येऊन शीतपेयाचं यंत्र बॅटने बडवलं. शिक्षा झाली सहा सामन्यांच्या बंदीची. ऐकायला मोठी वाटते, पण पाच दिवसांनी एकदा उतरणाऱ्या पिचरला यात फार तर एक पाळी चुकते. सुरुवातीच्या पिचरला या प्रकारची बंदी जाणवतच नाही. रोज खेळणाऱ्या फलंदाजाला ती सहा पट जड जाते.

25 जून 2010 चा प्रसंग जास्त महत्त्वाचा, कारण तिथे राग पुन्हा उघडपणे सहकाऱ्यावर निघाला. व्हाइट सॉक्सविरुद्धचा सामना, पहिलीच इनिंग. ख्वान पिएरचा फटका पहिल्या बेसपाशी उभ्या असलेल्या डेरेक लीच्या बाजूने निघून गेला. मागोमाग कार्लोस क्वेंटिनचा होमरन. इनिंग संपली तेव्हा फळ्यावर चार धावा लागल्या होत्या. झाम्ब्रानो डगआउटमध्ये शिरला तोच ओरडत: चेंडूवर झेप का घेतली नाही? ली हा त्या संघातला सगळ्यात शांत आणि सगळ्यांच्या आदरातला खेळाडू. तो जागचा उठला आणि त्यानेही सुनावलं, मध्ये माणसं पडली. मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) लू पिनिएलाने झाम्ब्रानोला तिथेच घरी पाठवलं.

यात खेळाचं नुकसान कुठे झालं? एक इनिंग टाकून सुरुवातीचा पिचर गेला, उरलेल्या सात इनिंग बुलपेनवर पडल्या. एका रिलिव्हरकडून (बुलपेनमधून येणाऱ्या पिचरकडून) साधारण एक-दोन इनिंगची अपेक्षा असते. एका दिवसात सात इनिंग काढल्या की पुढचे दोन-तीन दिवस मॅनेजरच्या हाताशी ताजे पिचर उरत नाहीत, मग मालिकेतले पुढचे सामने थकलेल्या हातांनी खेळावे लागतात. एका माणसाच्या रागाची किंमत अशी तीन सामन्यांवर पसरते, आणि ती कुठल्याच आकडेवारीत त्याच्या नावावर लागत नाही.

क्लबने त्याला निलंबित केलं, रागावर नियंत्रणासाठी उपचार घ्यायला लावले. जुलैअखेरीस तो परतला. आणि मग या प्रकरणातला सगळ्यात फसवा काळ आला: हंगामातल्या शेवटच्या 11 सामन्यांत 8 विजय, एकही पराभव नाही, ईआरए 1.41.

इथेच पहिली खिडकी उघडली होती.

2010 चा हिवाळा: जो ट्रेड झालाच नाही

नोव्हेंबर 2010 मध्ये झाम्ब्रानोचा बाजारभाव त्या दोन वर्षांतला सर्वांत चढा होता. उपचार झाले, वागणूक सुधारली, निकाल डोळ्यांसमोर. उणी बाजू म्हणजे दोन वर्षांचे मिळून 3 कोटी 58 लाख 75 हजार डॉलर अजून देणं होते.

क्लबने त्याला ठेवलं. का, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण निकाल हातात घेऊन शहाणपण शिकवतोय असं होईल. एक, नो-ट्रेड कलम. तो नाही म्हणाला की विषय संपला. दोन, संघ 75-87 (75 विजय, 87 पराभव) असा हरलेला असूनही जनरल मॅनेजर (खेळाडूंचे करार आणि ट्रेड ठरवणारा) जिम हेन्ड्रीला 2011 मध्ये स्पर्धेत राहायचं होतं. जानेवारीत त्याने टाम्पा बेकडून मॅट गार्झाला आणलं आणि त्यासाठी ख्रिस आर्चरसारखे तरुण खेळाडू दिले. एका हाताने पिचर विकत घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने विकायचा, हे मालकांना आणि प्रेक्षकांना पटवणं अवघड. तीन, पिचिंगची खोली उथळ होती. एप्रिल 2011 च्या पहिल्याच आठवड्यात रँडी वेल्स आणि अँड्र्यू कॅशनर, रोटेशनमधले (पाळीपाळीने सामना सुरू करणारे) दोन पिचर एकदम जखमी झाले, आणि रिकाम्या जागा केसी कोलमन, जेम्स रसेल, डग डेव्हिस असे भरत बसावं लागलं. झाम्ब्रानो गेला असता तर तिसरं भोक पडलं असतं.

तरीही तीच वेळ होती. आकड्यांतला उतार आधीपासून दिसत होता. त्याच्या इनिंग बघा: 2007 मध्ये 216.1, मग 188.2, मग 169.1, मग 129.2 (दशांशानंतरचा 1 म्हणजे एक तृतीयांश इनिंग, 2 म्हणजे दोन तृतीयांश). 2010 च्या आकड्यात निलंबनाचा आणि बुलपेनमधल्या दिवसांचा वाटा आहे हे खरं, पण आधीच्या दोन वर्षांचा उतार त्याशिवायचा आहे. 11 सामन्यांची झळाळी एका बाजूला आणि तीन वर्षांचा कल दुसऱ्या बाजूला असेल, तर विकणाऱ्याने कलावर विश्वास ठेवावा आणि झळाळी विकावी. हेन्ड्रीने झळाळी स्वतःच विकत घेतली.

त्याच क्लबकडे ताजं उदाहरण होतं. सप्टेंबर 2009 मध्ये मिल्टन ब्रॅडली हा आउटफिल्डर क्लबविरुद्ध जाहीर बोलला, उरलेल्या हंगामासाठी निलंबित झाला आणि डिसेंबरमध्ये सिएटलला गेला. बदल्यात आला कार्लोस सिल्वा, म्हणजे सिएटलला नकोसा झालेला, महागड्या करारातला पिचर. नकोशा कराराच्या बदल्यात नकोसा करार. सिल्वाने 2010 ची सुरुवात 8-0 अशी केली, हंगामात 10 सामने जिंकले. मग मार्च 2011 मध्ये सराव सामन्यात अरामिस रामिरेझशी डगआउटमध्ये त्याची झटापट झाली आणि त्याच महिन्यात त्याला सोडून दिलं. अशा अदलाबदलीतून फार तर एक बरा हंगाम मिळतो, एवढा धडा त्यातून घेता आला असता.

2011 मध्ये काय बिघडलं

जूनच्या सुरुवातीला सेंट लुइसमध्ये पराभवानंतर झाम्ब्रानो पत्रकारांसमोर बोलला: आपण ट्रिपल-ए दर्जाचं खेळतोय, आणि आपल्या कार्लोस मार्मोलने त्यांच्या रायन थेरियटला चुकीचा चेंडू टाकला. (ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालची पायरी.) बोलण्यात तथ्य होतं, संघ खरंच वाईट खेळत होता. पण बंद दाराआडचं बोलणं माइकसमोर आलं आणि त्यात सहकाऱ्याचं नाव आलं.

मैदानावरही हात उतरला होता. 24 सामन्यांत 145.2 इनिंग, 9 विजय, 7 पराभव, ईआरए 4.82. 2006 मध्ये त्याने 210 फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं होतं, म्हणजे चेंडू खेळात न येताच बाद केलं होतं. 2011 मध्ये 101. कमी इनिंगचा हिशेब धरूनही दर नऊ इनिंगमागे आकडा 8.8 वरून 6.2 वर आला. फलंदाज चुकत नाहीत म्हणजे चेंडू खेळात येतो, आणि खेळात आलेला चेंडू कधी फील्डरच्या हातात जातो, कधी जात नाही. रागीट पिचरला नेमकं हेच सोसत नाही. स्वतःच्या बळावर बाद करणं जमेनासं झालं की तो फील्डरवर अवलंबून राहतो, आणि झेप न घेणाऱ्या प्रत्येकावर चिडतो. स्वभाव तोच राहिला होता. त्याला झाकणारी गुणवत्ता ओसरली होती. लीवरचा राग आणि घटलेले स्ट्राइकआउट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

मग अटलांटा.

शिस्तीचा रस्ता आणि त्याची भिंत

दुसऱ्या दिवशी क्लबने त्याला 30 दिवसांसाठी अपात्र खेळाडूंच्या यादीत टाकलं, पगार बंद. त्याचा 2011 चा पगार 1 कोटी 78 लाख 75 हजार डॉलर, हंगाम साधारण 182 दिवसांचा. म्हणजे दिवसाला जवळपास 98 हजार आणि 30 दिवसांचे सुमारे 29 लाख डॉलर. खेळाडूंच्या संघटनेने लगेच तक्रार दाखल केली.

पुष्कळांनी तेव्हा विचारलं की तो स्वतःच 'निवृत्त' म्हणाला ना, मग करार संपला असं धरून पैसे का वाचवले नाहीत? कारण लॉकर रिकामं करणं म्हणजे निवृत्ती नव्हे. त्यासाठी खेळाडूने लेखी कागद द्यावा लागतो, आणि तो त्याने दिला नाही. मेजर लीगचे करार हमीचे असतात. गैरवर्तनावरून करार मोडायचा तर लवादासमोर 'योग्य कारण' सिद्ध करावं लागतं, आणि लवाद शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात आहे का ते बघतो. एका रात्रीच्या तमाशासाठी 1 कोटी 80 लाख डॉलरचा करार रद्द होईल अशी आशा कुठल्याही वकिलाने दाखवली नसती. शिस्तीचा मार्ग 30 दिवसांवर येऊन थांबतो. निलंबन सप्टेंबरमध्ये संपलं तरी क्लबने त्याला त्या हंगामात परत येऊ दिलं नाही. त्या दिवसांचा पगार अर्थातच द्यावा लागला.

दरम्यान क्लबच्या कचेरीतली माणसंच बदलली. 19 ऑगस्टला हेन्ड्रीची गच्छंती जाहीर झाली. ऑक्टोबरमध्ये बोस्टनहून थिओ एपस्टीन बेसबॉल विभागाचा प्रमुख म्हणून आला, जेड हॉयर जनरल मॅनेजर झाला. मॅनेजर माइक क्वेड गेला, त्या जागी डेल स्वेम. झाम्ब्रानोला करार देणारा, त्याच्यासाठी बॅरेटला पाठवणारा आणि त्याला निलंबित करणारा माणूस आता दालनात नव्हता. हा बदल झाला नसता तर हा ट्रेड कदाचित झालाच नसता, कारण आपला नऊ कोटींचा निर्णय चुकला हे स्वतःच्या सहीने कबूल करायला मोठं मन लागतं. 'नवा माणूस आणा, तो जुनी घाण काढेल' हा क्रीडा-व्यवस्थापनातला चांगला नियम नाही, पण पुष्कळदा होतं तसंच.

एपस्टीनने आधी घाई केली नाही. संघात परत यायचं तर विश्वास कमवावा लागेल, असं झाम्ब्रानोला सांगितलं. मग खेळाडूंशी एकेक करून बोलला, आणि नंतर जाहीरपणे म्हणाला की या माणसाने आपला विश्वास मोडला असंच सगळ्यांकडून ऐकू आलं. ही पायरी बरेच क्लब गाळतात. प्रशिक्षकाचं मत घेतात, डॉक्टरचा अहवाल घेतात, पण ज्याच्या शेजारच्या लॉकरला तो बसणार त्याला विचारत नाहीत.

हिशेब

आता पैशाकडे. 2012 साठी कब्ससमोर तीन रस्ते होते.

ठेवला, तर 1 कोटी 80 लाख डॉलर खर्च आणि बदल्यात एक उतरता पिचर, जो सहकाऱ्यांना नको आहे.

सोडला, म्हणजे करारमुक्त केला, तर दुसरा संघ त्याला किमान पगारावर घेऊ शकतो. 2012 चा किमान पगार 4 लाख 80 हजार होता. तेवढी रक्कम वजा होऊन कब्सच्या डोक्यावर 1 कोटी 75 लाख 20 हजार राहतात. हातात काही येत नाही.

तिसरा रस्ता ट्रेडचा, बहुतेक पगार स्वतःच भरून. आयपीएल पाहणाऱ्या वाचकाला हे विचित्र वाटेल. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे गेला तेव्हा त्याच्या पगाराची जबाबदारी मुंबईवर आली. मेजर लीगमध्ये देणारा संघही पगाराचा वाटा भरत राहू शकतो, आणि दहा लाखांपेक्षा जास्त रोख असेल तर कमिशनरची मंजुरी लागते. थोडक्यात, देणारा संघ पैसे भरून बदल्यात चांगला खेळाडू विकत घेऊ शकतो.

5 जानेवारी 2012 ला व्यवहार झाला. झाम्ब्रानो मायामी मार्लिन्सला, ख्रिस व्होल्स्टॅड कब्सला. 1 कोटी 80 लाखांपैकी कब्सने सुमारे 1 कोटी 54 लाख 50 हजार भरले, मायामीने उरलेले 25 लाख 50 हजार. झाम्ब्रानोने नो-ट्रेड कलम बाजूला ठेवलं.

व्होल्स्टॅडचा 2012 चा पगार ठरला साडेसव्वीस लाखांच्या आसपास. तो धरून बेरीज करा: 1 कोटी 81 लाख. म्हणजे झाम्ब्रानोला ठेवण्यापेक्षा फक्त लाखभर जास्त, सोडून देण्यापेक्षा साधारण सहा लाख जास्त. एपस्टीनने प्रत्यक्षात झाम्ब्रानोला करारमुक्त केलं आणि वर सहा लाख डॉलर टाकून 25 वर्षांचा, सहा फूट आठ इंच उंचीचा, एकेकाळी ड्राफ्टच्या (नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडला गेलेला पिचर घेतला, ज्याच्यावर क्लबचा हक्क तीन हंगाम राहणार होता. कोटींच्या आकड्यांपेक्षा ही सहा लाखांची रेघ जास्त बोलते. झाम्ब्रानोचे पैसे तर कुठल्याही रस्त्याने गेलेलेच होते. बुडालेल्या पैशासाठी वर्तमानातला निर्णय अडवू नये, हे सगळे म्हणतात. इथे कुणीतरी ते केलं.

मायामीला यात काय मिळत होतं? नवं स्टेडियम, 'फ्लोरिडा'चं 'मायामी' झालेलं नाव, होजे रेयेस, मार्क बर्ली, हीथ बेल यांच्यावर ओतलेला पैसा आणि नवा मॅनेजर ओझी गियेन: व्हेनेझुएलाचा, झाम्ब्रानोचा मित्र, स्वतःही फटकळ. आपण याला सांभाळू, असा त्याला विश्वास होता. शिवाय 25 लाखांत सुरुवातीचा पिचर बाजारात मिळत नाही. खेळाडूच्या बाजूनेही मित्र मॅनेजर हेच नो-ट्रेड कलम सोडायचं खरं कारण ठरतं. ज्याच्याकडे असं कलम आहे त्याला विकायचं तर 'कुठला संघ जास्त देईल' आणि 'हा कुठे जायला तयार होईल' या दोन याद्या करून त्यांत सामाईक नावं शोधावी लागतात. बहुतेक वेळा एक-दोनच निघतात. म्हणून बोलणी सुरू करायला उशीर केला की घासाघीस करायला दुसरा ग्राहक उरत नाही.

निकाल

मैदानावर दोघांचंही जमलं नाही. झाम्ब्रानोची सुरुवात चांगली होती. मे महिन्यात ह्यूस्टनविरुद्ध त्याने एकट्याने अख्खा सामना टाकून शटआउट दिला, म्हणजे एकही धाव दिली नाही. मग नियंत्रण सुटलं, जुलैनंतर तो बुलपेनमध्ये गेला. हंगामाअखेर 132.1 इनिंग, 7 विजय, 10 पराभव, ईआरए 4.49. मायामी 69-93. गियेनला ऑक्टोबरमध्ये काढलं, आणि झाम्ब्रानो पुन्हा मेजर लीगमध्ये खेळला नाही. त्याची कारकीर्द 132 विजय आणि 91 पराभवांवर थांबली, त्यातले 125 विजय कब्ससाठी.

व्होल्स्टॅड शिकागोत पार कोलमडला. मे महिन्यातच त्याला आयोवाला, ट्रिपल-एमध्ये, पाठवावं लागलं. वर्षाअखेर 3 विजय, 12 पराभव, ईआरए 6.31. कब्स 101 सामने हरले. तीन हंगामांचा हक्क होता, एकच वापरला.

नुसत्या या आकड्यांवर बोट ठेवलं तर मायामी जिंकली: 25 लाखांत 132 इनिंग. पण निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर जोखायचा असतो. कब्सने सहा लाख डॉलर टाकून एक शक्यता विकत घेतली, ती फसली. झाम्ब्रानो राहिला असता तर 101 पराभवांचे 96 झाले असते कदाचित. नव्या मॅनेजरच्या पहिल्या वर्षात, जुने खेळाडू निघून चाललेल्या संघात, ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही असा सर्वांत महागडा माणूस मध्यभागी बसलेला असणं, याची किंमत आम्ही पाच सामन्यांपेक्षा जास्त धरतो.

चूक जानेवारी 2012 ची नव्हती, 14 महिने आधीची होती. तेव्हाही कब्सला पगारातला मोठा वाटा भरावा लागला असता, बहुधा दोन वर्षांच्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास. पण हाती 8-0 आणि 1.41 चा कागद होता, आणि समोर एकच मित्र मॅनेजर नसून ग्राहकांची रांग असण्याची शक्यता होती.

अशा खेळाडूवर निर्णय घ्यायची वेळ आलेल्या क्लबने हंगाम संपताच, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चार कागद एकत्र ठेवावेत. गेल्या चार वर्षांच्या इनिंग आणि स्ट्राइकआउटचा उतार. उरलेल्या कराराची रक्कम, आणि त्याशेजारी करारमुक्त केल्यास प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम. खेळाडूला मान्य होतील अशा संघांची, त्याच्या एजंटकडून तोंडी घेतलेली यादी. आणि पाच-सहा सहकाऱ्यांशी स्वतंत्र झालेल्या बोलण्याची टिपणं, ज्यात निदान एक कॅचर आणि एक रिलिव्हर हवाच. कारण याच्या वाईट दिवसाचा भार कॅचरच्या अंगावर आणि रिलिव्हरच्या खांद्यावर पडतो. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये हे चारही कागद कब्सला एका दुपारीत जमवता आले असते. चौथा कागद भरताना डेरेक ली मात्र भेटला नसता. ऑगस्टमध्येच त्याला अटलांटाला ट्रेड केलं होतं.